ऱ्होन खोऱ्यातील द्राक्षवेलींची साथ : कारण की परिणाम?

हृदयाच्या तपासणीला आलेल्यांपैकी कोणी ना कोणी सगळे आटोपल्यावर, उठता उठता, हळूच विचारतो, "डॉक्टर, लाल वाइन रोज थोडी घेतली तर हृदयाला चांगली असते म्हणे. फ्रान्समधले लोक घेतातच ना?" सोबत आलेल्या काकू आधी नवऱ्याकडे डोळे वटारून बघतात आणि मग माझ्याकडे. मी काय म्हणतो यावर संध्याकाळचे बरेच काही अवलंबून असते!

या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींचे आहे आणि ते मी लेखाच्या शेवटी देणारच आहे. पण त्याआधी तुम्हाला त्याच फ्रान्समधली दीडशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. गोष्ट साथीची आहे. रोगी मात्र माणसे नव्हती, द्राक्षाच्या वेली होत्या. तरीही निदान कसे करावे, आणि कसे करू नये, हे या साथीइतके स्पष्ट शिकवणारी उदाहरणे वैद्यकाच्या पुस्तकांतही फार नाहीत. आणि गंमत म्हणजे, वाइनच्या प्रश्नात आज आपण जी चूक करतो, तीच चूक तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी केली होती.

नदी आणि तिच्या काठचे मळे

ऱ्होन नदी स्वित्झर्लंडमधल्या हिमनदीतून निघते, जिनिव्हाच्या सरोवरातून बाहेर पडते, ल्योन शहराशी दक्षिणेकडे वळते आणि थेट भूमध्य समुद्राला जाऊन मिळते. ल्योनच्या खाली तिच्या दोन्ही काठांवर द्राक्षे आहेत. उत्तरेकडच्या भागात ग्रॅनाइटच्या उभ्या चढांवर दगडी बांध घालून लावलेली 'सिरा' जातीची द्राक्षे. कोत-रोती आणि एर्मिताज ही तिथली नावाजलेली नावे. दक्षिणेला आव्हिन्यॉनच्या आसपास खोरे रुंद होते. तिथे गोल गुळगुळीत गोट्यांनी भरलेल्या जमिनीत 'ग्रेनाश' मुख्य. 'मिस्त्राल' नावाचा कोरडा, बोचरा उत्तरेचा वारा या खोऱ्यातून वाहतो.

रोमन काळापासून इथे वाइन होते आहे. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून आव्हिन्यॉनला येऊन राहिले. त्यांच्या उन्हाळी किल्ल्यावरून शातोनफ-दु-पाप, म्हणजे 'पोपचा नवा किल्ला', हे गाव आणि त्याची वाइन ओळखली जाते. नदीच्या पलीकडच्या काठावर रोकमोर नावाचे बंदर होते. भेसळ होऊ नये म्हणून इथून जाणाऱ्या पिंपांवर 'कोत द्यू ऱ्होन'ची आद्याक्षरे डागावीत, असा राजाचा हुकूम १७३७ साली निघाला होता. हे रोकमोर लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतला रोग याच गावातून शिरला असे मानले जाते.

आधीचा एक आजार आणि बाहेरून आलेली रोपे

१८४५ च्या सुमारास युरोपात द्राक्षांवर भुरी आली. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना भुरी काय करते हे सांगायला नको. १८५४ साली फ्रान्सचे वाइन उत्पादन सुमारे १ कोटी १० लाख हेक्टोलिटरपर्यंत घसरले (१ हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर). मग गंधकाची धुरळणी सापडली आणि भुरी आटोक्यात आली. पण या धामधुमीत लोकांच्या लक्षात आले होते की अमेरिकेतून आणलेल्या काही वेलींना भुरी तितकीशी बाधत नाही. त्यामुळे अमेरिकी रोपे मागवण्याची हौस वाढली. त्यातच वाफेची जहाजे आली. शिडाच्या जहाजाच्या लांबलचक प्रवासात रोपांवरची कीड वाटेतच मरत असे. आता ती जिवंत पोचू लागली.

रोकमोरच्या बोर्टी नावाच्या वाइन व्यापाऱ्याने १८६२ साली न्यूयॉर्कच्या एका ओळखीच्या माणसाकडून आलेल्या अमेरिकी वेली आपल्या परसात लावल्या, असे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, जवळच्या प्युजो गावातल्या बागांत काही वेली ऐन उन्हाळ्यात पिवळ्या पडल्या. पाने वाळली, घड पिकलेच नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांच्या शेजारच्या वेली गेल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत पहिल्या वेली मेल्या होत्या. त्या उपटल्या की मुळे काळी, कुजलेली. कापडावर तेलाचा डाग पसरावा तसे हे डाग बागांतून पसरू लागले.

दक्षिण ऱ्होनच्या शेतकऱ्यांचे ते दिवस आधीच वाईट होते. रेशमाच्या किड्यांवर रोग आला होता आणि त्याचा शोध लावायला १८६५ मध्ये लुई पाश्चर जवळच्या आलेस गावी येऊन बसले होते. दुसरे नगदी पीक म्हणजे लाल रंग देणारे मंजिष्ठेच्या जातीचे झाड. १८६९ च्या सुमारास तोच रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि त्या पिकाचा बाजार बसला. उरली होती द्राक्षे. आता तीही मरत होती.

१५ जुलै १८६८

आर्ल गावच्या देलोर्म नावाच्या पशुवैद्याने या रोगाचे वर्णन करून मदत मागणारे पत्र १८६७ साली लिहिले. पुढच्या उन्हाळ्यात मॉंपेलिएच्या शेती संस्थेने तिघांची समिती पाठवली. गास्तों बाझील हे बागायतदार (चित्रकार फ्रेडरिक बाझीलचे वडील), फेलिक्स साहू हे रोपवाटिकावाले आणि तिसरे ज्यूल-एमिल प्लांशों. प्लांशों हे वनस्पतिशास्त्रज्ञ, औषधशास्त्राचे प्राध्यापक आणि वैद्यकाची पदवी घेतलेले गृहस्थ.

१५ जुलै १८६८ रोजी हे तिघे सां-रेमीजवळच्या एका बागेत पोचले. त्यांनी सुरुवात कुठून केली असेल? आपण सगळेच करू तिथूनच. मेलेल्या वेलींपासून. वेल खणून काढली, मुळे भिंगाखाली धरली. कुजलेली साल, दुसरे काही नाही. आणखी एक खणली, तेच. किडा नाही, बुरशी म्हणावी असे खास काही नाही.

मग कुदळ शेजारच्या वेलीवर पडली. दिसायला ही वेल ठीकठाक होती, पाने हिरवी होती. तिची मुळे भिंगाखाली धरली आणि समोर आले पिवळसर ठिपके. एक नाही, दहा नाही, थवेच्या थवे. प्रत्येक ठिपका मिलिमीटरपेक्षा लहान, जिवंत, मुळात सोंड खुपसून रस पिणारा. मावा असतो ना आपल्या पिकांवर, त्याच्याच नात्यातला कीटक. पुढे तो 'फायलोक्झेरा' या नावाने जगभर कुप्रसिद्ध झाला.

मेलेल्या वेलीखाली तो का सापडला नाही? उत्तर साधे आहे. मूळ मेले की रस संपला, आणि रस संपला की हा पाहुणा जमिनीतल्या भेगांतून शेजारच्या जिवंत वेलीकडे निघून जातो. रोग ज्या ठिकाणी डोळ्यांना सर्वात जास्त दिसत होता, तिथे रोगाचे कारण नव्हतेच. ते दोन पावले पुढे, अजून निरोगी दिसणाऱ्या वेलीच्या पायाशी काम करत होते.

वाचकहो, आम्हा डॉक्टरांना हे रोज भेटते. छातीत दुखण्याच्या दिवशी जी रक्तवाहिनी बंद होते, ती अरुंद होत आलेली असते वीस वर्षे, माणूस "मला काही होत नाही" म्हणत फिरत असताना. मधुमेहाचे नुकसान पायाच्या जखमेत दिसते, पण सुरू झालेले असते खूप आधी. म्हणूनच काही त्रास नसताना रक्तदाब आणि साखर बघून घ्या असे आम्ही सांगत असतो. हिरव्या वेलीची मुळे बघण्यासारखेच आहे ते.

कारण की परिणाम?

आता तुम्हाला वाटेल, किडा सापडला, प्रश्न सुटला. पण तसे झाले नाही. पॅरिसमधल्या काही मान्यवर कीटकतज्ज्ञांनी सांगितले की किडा हे रोगाचे कारण नाही, परिणाम आहे. त्यांचे म्हणणे असे : वेली आधीच अशक्त झाल्या आहेत. जमीन दमली आहे, हवा बिघडली आहे, शतकानुशतके काड्या लावून वाढवलेला वेलींचा वंश म्हातारा झाला आहे. अशा दुबळ्या वेलीवर किडे जमणारच. जशी सडक्या फळावर माशी.

हे म्हणणे वेडगळ नव्हते, हे मुद्दाम सांगतो. किडा आणि रोग एकत्र दिसतात, एवढेच तेव्हा माहीत होते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असे होत नाही. दुसरीने पहिली घडवली असेल, किंवा दोन्हींमागे तिसरेच काही असेल. अशा वेळी ठरवायचे कसे? एक जुना आणि भरवशाचा मार्ग आहे : ज्याच्यावर संशय आहे ते काढून टाका आणि रोगाचे काय होते ते बघा.

हे काम केले आव्हिन्यॉनच्या दक्षिणेला ग्राव्हझों गावात राहणाऱ्या लुई फोकों नावाच्या बागायतदाराने. त्याची बाग सपाट होती आणि कालव्याचे पाणी हाताशी होते. त्याने हिवाळ्यात बाग पाण्याखाली बुडवून ठेवली, एक-दोन दिवस नाही, महिनाभराहून अधिक. थंडीत झोपलेल्या वेलीला याने फारसे काही होत नाही. मुळावरचा किडा मात्र गुदमरून मरतो. जमीन तीच, हवा तीच, 'म्हातारा' वंशही तोच. फक्त किडा गेला, आणि वेली पुन्हा फुटल्या. परिणाम काढून टाकल्याने रोग बरा होत नसतो. कारण काढल्यानेच होतो.

तरीही वाद मिटायला काही वर्षे गेली आणि तेवढ्या वर्षांत तेलाचा डाग खोरे ओलांडून बाहेर पडला. निदानाला उशीर झाला की रोग थांबून राहत नाही, हे तर तुम्ही जाणताच.

उपचारांची जत्रा

सरकारने खात्रीलायक उपायाला २०,००० फ्रँकचे बक्षीस लावले आणि १८७४ मध्ये ते ३,००,००० फ्रँकपर्यंत वाढवले. मग काय विचारता! शेकडो उपाय आले. कोणी मूत्र ओतायला सांगितले, कोणी वेलीखाली जिवंत बेडूक पुरायला. १८६८ मध्येच रोकमोरच्या लोकांनी बागा वाचाव्यात म्हणून रोमहून संत व्हॅलेंटाइनच्या अस्थी वाजतगाजत गावात आणल्या होत्या; त्या आजही तिथल्या चर्चमध्ये आहेत. यावर हसू नका. मुलाबाळांचे पोट ज्यावर आहे ते डोळ्यांसमोर वाळते आहे आणि कोणाकडे औषध नाही, अशी माणसे सगळे दरवाजे ठोठावतात. असाध्य आजाराच्या रुग्णाचे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांची नजर मला माहीत आहे.

कामाचे उपाय तीनच निघाले. एक, पाण्यात बुडवणे. पण त्याला सपाट जमीन आणि भरपूर पाणी हवे. एर्मिताजच्या उभ्या चढावर पाणी कसे थांबणार? दोन, वाळू. ऱ्होनच्या मुखाजवळ एग-मोर्त इथल्या समुद्रकाठच्या निव्वळ वाळूत हा किडा तग धरत नाही असे दिसले, आणि जिथे कोणी फुकट जमीन घेतली नसती तिथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तीन, कार्बन डायसल्फाइड नावाचे रसायन मोठ्या पिचकारीने जमिनीत टोचणे. याने किडे मरत. पण हे रसायन पेट घेणारे आणि विषारी. रबर कारखान्यातल्या कामगारांच्या मेंदूवर आणि नसांवर ते काय करते, हे पॅरिसचे डॉक्टर देलपेश यांनी १८५६ सालीच लिहून ठेवले होते. मात्रा चुकली तर वेलही मरे. शिवाय रोग जात नसे. टोचणी पुन्हा पुन्हा द्यावी लागे. म्हणजे परवडेल त्याचीच बाग जगणार.

औषध रोगाच्याच माहेरी

मिसूरी राज्याचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली आणि प्लांशों यांनी एकमेकांशी पत्रव्यवहार करून दाखवून दिले की फ्रान्समधला मुळावरचा किडा आणि अमेरिकेतल्या वेलींच्या पानांवर गाठी करणारा किडा एकच आहे. १८७३ मध्ये प्लांशों स्वतः अमेरिकेला गेले. तिथे हा किडा सगळीकडे होता, आणि तरी रानवेली मजेत होत्या. हजारो वर्षांच्या सहवासात त्यांनी युक्ती शिकून घेतली होती. किडा मुळाला चावला की त्या जखमेखाली बुचासारखा थर तयार करतात, जखम तिथेच बंद होते आणि कुजण्याची लागण आत जात नाही. युरोपच्या वेलीची या शत्रूशी कधी गाठच पडली नव्हती, त्यामुळे तिच्याकडे हे संरक्षण नव्हते. युरोपातून गेलेल्या देवीच्या रोगाने तीन शतकांपूर्वी अमेरिकेतल्या माणसांचे असेच हाल केले होते.

पण अमेरिकी द्राक्षांची वाइन फ्रेंच जिभेला उग्र लागे. मग करायचे काय? मुळे अमेरिकी आणि वर फ्रेंच. अमेरिकी खुंटावर सिरा किंवा ग्रेनाशची काडी कलम करायची. ही सूचना १८६९ मध्येच बाझील आणि बोर्दोचे लालिमान यांनी मांडली होती. तिला विरोध मोठा झाला. परक्या मुळांनी वाइनची चव बिघडेल, ही एक भीती. आणि जिथून रोग आला तीच वेल पुन्हा मागवायची का, ही दुसरी. बरगंडीत तर १८८७ पर्यंत अमेरिकी वेलींना बंदी होती. या काळात फ्रान्सचे उत्पादन १८७५ च्या सुमारे ८.४ कोटी हेक्टोलिटरवरून १८८९ मध्ये सुमारे २.३ कोटींवर आले.

शेवटी कलमच जिंकले, पण दुष्परिणामांसकट. चुनखडीच्या जमिनीत अमेरिकी खुंटांना लोह घेता येईना, पाने पिवळी पडू लागली. १८८७ मध्ये प्येर व्हियाला यांना अमेरिकेला पाठवण्यात आले. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन या द्राक्षतज्ज्ञाने त्यांना चुनखडीत वाढणाऱ्या रानवेली दाखवल्या आणि त्यांच्यापासून नवे खुंट तयार झाले. याच अमेरिकी आयातीबरोबर १८७८ च्या सुमारास आणखी एक रोग आला, डाऊनी, म्हणजे आपला केवडा. त्यावर १८८५ मध्ये मियार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण सांगितले. बोर्दोचे म्हणून त्याला नाव पडले बोर्डो मिश्रण.

नाशिक-तासगावकडचे वाचक आता हसत असतील. बोर्डोचे निळे पाणी आजही तुमच्या पंपात असते. आणि तुमच्या बागेतला 'डॉगरीज' खुंट? तोही टेक्सासचा, त्याच मन्सनने निवडलेला. आपल्याकडे तो फायलोक्झेरासाठी नाही, क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई यांसाठी लावतात. पण खुंट वेगळा आणि काडी वेगळी ही व्यवस्था जगभर रूढ झाली ती ऱ्होनकाठच्या त्या संकटामुळे.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. फायलोक्झेरा कधीच संपला नाही. तो आजही त्या जमिनीत आहे. वेलीने त्याच्यासह जगायचे ठरवले आहे, एवढेच. खुंट निवडण्यात हयगय झाली की तो परत येतो. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात अर्धवट प्रतिकारशक्तीच्या खुंटावरच्या हजारो एकर बागा त्यामुळे उपटाव्या लागल्या. रक्तदाबाची गोळी "आता बरे वाटते" म्हणून बंद करणाऱ्यांनी हे जरूर आठवावे.

वाइन कमी, बनावट वाइन जास्त

द्राक्षे मेली, पण पिणारे होतेच. त्या काळी शहरांतले पाणी भरवशाचे नव्हते आणि वाइन हे अनेकांचे रोजचे पेय होते. मग बेदाणे भिजवून, साखर घालून 'वाइन' तयार होऊ लागली. फिकी दिसू नये म्हणून तिच्यात फुक्सिन हा रंग टाकत. हा रंग १८५९ मध्ये ऱ्होनकाठच्या ल्योनमध्येच शोधला गेला होता, आणि तो करताना आर्सेनिक, म्हणजे सोमल, वापरत असल्याने त्यात विषाचा अंश राहू शके. आमच्या प्रयोगशाळेत फुक्सिन आजही असते. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू लाल दिसतात ते याच रंगाने. जंतू रंगवायला उत्तम; पोटात घ्यायला नव्हे.

वाइन महागल्याने बरेच लोक अ‍ॅबसिंथकडे वळले. स्वस्त औद्योगिक अल्कोहोलवर बनणारी ही हिरवी दारू फारच कडक होती. लोक झटके येऊन पडू लागले, तेव्हा दोष तिच्यातल्या कडू वनस्पतीला दिला गेला आणि १९१५ मध्ये फ्रान्सने अ‍ॅबसिंथवर बंदी घातली. वाइनला मात्र आरोग्यदायी म्हणून वगळले. वनस्पतीवर आळ आला. तिच्यासोबत ग्लासात असलेले भरमसाट अल्कोहोल सुटले!

भेसळीवर उपाय म्हणून १८८९ च्या कायद्याने वाइन म्हणजे द्राक्षांपासूनच केलेली, अशी व्याख्या केली. पुढे १९२३ मध्ये शातोनफ-दु-पाप इथे बॅरन ल रुआ या वकिलाने गावकऱ्यांना घेऊन नियम बनवले : कोणती जमीन (जिथे लॅव्हेंडर आणि थाइम उगवते ती), कोणत्या जाती, किमान किती अल्कोहोल. १९३६ पासून फ्रान्सने अशा नावांना जी कायदेशीर मान्यता दिली, त्यात हे गाव पहिल्या काहींमध्ये होते.

पुन्हा तोच प्रश्न

आता आपल्या काकांच्या प्रश्नाकडे येऊ. तो प्रश्नही ऱ्होनकाठचाच आहे. ल्योनमध्ये काम करणारे सर्ज रनो यांनी १९९२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खाऊनही त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसतात, आणि याचे एक कारण रोजची मर्यादित वाइन असावी. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकी टीव्हीवर हा विषय आला आणि तिथे लाल वाइनची विक्री एकदम वाढली. 'फ्रेंच विरोधाभास' तुमच्या-आमच्या मोबाइलपर्यंत पोचला तो तिथून.

थोडी पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसतात, असे अनेक पाहण्यांत आढळले होते. पण थांबा. वाइनमुळे ते निरोगी आहेत, की निरोगी आहेत म्हणून पिऊ शकतात? ब्रिटनमध्ये शेपर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच दाखवले होते की न पिणाऱ्यांच्या गटात असे बरेच जण असतात ज्यांनी आजारी पडल्यामुळे दारू सोडलेली असते. आजार आधी, सोडणे नंतर! अशांशी तुलना केली तर पिणारा निरोगीच दिसणार. शिवाय बेताने पिणारे बरेचदा खाऊनपिऊन सुखी, व्यायाम करणारे, वेळेवर डॉक्टरकडे जाणारे असतात. कारण की परिणाम? तोच वाद, फक्त वेल जाऊन माणूस आला.

इथेही 'काढून बघा' हा मार्ग उपयोगी पडतो, आणि इतिहासाने तो एकदा करून दाखवला आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये वाइनचे रेशनिंग झाले. पॅरिसमध्ये यकृत आकसण्याच्या आजाराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. रेशनिंग उठले आणि ते पुन्हा वाढले. फोकोंच्या पाण्याखालच्या बागेसारखेच.

द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलचे काय? हा पदार्थ वेल बुरशीशी लढायला स्वतःसाठी तयार करते. वाइनमध्ये तो लिटरमागे काही मिलिग्रॅम असतो. तेवढ्याने हृदयाला फायदा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. उलट अल्कोहोल माणसात कर्करोग घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे, आणि आरोग्याला पूर्ण सुरक्षित अशी दारूची कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

तर आता उत्तर. हृदयासाठी म्हणून वाइन सुरू करू नका. घेत असाल तर तिला औषध म्हणू नका. जितकी कमी तितकी बरी, आणि यकृताचा आजार, गर्भारपण किंवा झोपेची, नैराश्याची, अपस्माराची औषधे चालू असतील तर अजिबात नको. अनेक वर्षे रोज भरपूर घेणाऱ्यांनी मात्र ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी, कारण अचानक थांबवल्याने झटके येऊ शकतात.

आणि पुढच्या वेळी कोणी सांगितले की अमुक खाणारे लोक जास्त जगतात, तर एकच प्रश्न विचारा : खातात म्हणून जगतात, की आधीच धडधाकट आहेत म्हणून खाऊ शकतात? मग हवे तर त्या दुपारी सां-रेमीच्या बागेत कुदळ घेऊन उभ्या असलेल्या तिघांना आठवा. मेलेली वेल सोडून ते शेजारच्या हिरव्या वेलीकडे वळले, म्हणून तर ऱ्होनच्या काठावर आजही द्राक्षे पिकतात.